निचऱ्याच्या तोंडावरचा दाब : पुराच्या संगणकीय गणितातील शेवटची अट

पावसाळ्यात भातखाचरातील जादा पाण्याचा निचरा होत नाही, ही ठाणे व रायगड जिल्ह्यांतील सखल भागातील शेतकऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. नाल्यातील गाळ काढला, नाला रुंद केला, रस्त्याखालची मोरी मोठी केली, तरी मोठ्या पावसात पाणी हटत नाही असे अनेकदा आढळून येते. अशा वेळी दोष नाल्यात शोधला जातो. वास्तविक पुष्कळदा तो नाल्यात नसून नाला जिथे संपतो तिथे असतो. पुढची नदी किंवा खाडी तुडुंब भरलेली असेल तर नाला कितीही चांगला असला तरी त्यातले पाणी जाणार कुठे?

हीच गोष्ट संगणकावर पाण्याचे गणित मांडणाऱ्यांनाही लागू पडते. पूररेषा आखणे, निचरा योजना तयार करणे, खारबांधाची उघाडी किती मोठी ठेवावी हे ठरवणे, इतकेच नव्हे तर पॉलिहाऊसमध्ये वारा कसा खेळेल हे पाहणे, ही कामे आता संगणकीय प्रतिरूपावर, म्हणजे मॉडेलवर केली जातात. मॉडेलमध्ये पाणी किंवा हवा जिथून बाहेर पडते त्या तोंडावर किती दाब आहे हे मांडणाऱ्याने स्वतः सांगावे लागते. ते चुकले तर आतले सगळे गणित बरोबर असूनही उत्तर चुकते. या उत्तरावर आपली जमीन पूररेषेच्या आत की बाहेर हे ठरत असल्याने हा विषय अभियंत्यांपुरता राहिलेला नाही. शेतकरी बंधूंनी तो निदान ढोबळमानाने समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

तोंडावरचा दाब म्हणजे काय?

एक सोपा प्रयोग करून पाहावा. दोनशे लिटरचा ड्रम ओट्यावर ठेवून त्याच्या तळाला नळी जोडावी. नळीचे दुसरे टोक ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर खाली येईल असे ठेवून पाणी मोकळ्या हवेत सोडावे आणि बादली किती वेळात भरते ते पाहावे. आता ते टोक त्याच उंचीवर, पण दुसऱ्या एका भरलेल्या पिंपात अर्धा मीटर पाण्याखाली बुडवावे. नळी तीच, ड्रम तोच, ड्रममधली पातळीही तीच. तरीही पाणी कमी येते. पहिल्या वेळी पाण्याला ढकलणारा फरक दीड मीटरचा होता, दुसऱ्या वेळी तो एक मीटरचाच उरला. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून पाणी सुमारे १८ टक्क्यांनी घटते.

नळीच्या टोकाशी जे घडले त्याला तोंडावरचा दाब म्हणावे. मोकळ्या हवेत तो शून्य धरतात. हवेचा स्वतःचा दाब असतोच, पण तो ड्रममधल्या पाण्यावरही असतो आणि टोकावरही असतो, म्हणून हिशेबात दोन्हीकडून वजा होतो. टोक पाण्यात बुडाले की तिथे त्या पाण्याच्या उंचीइतका दाब येतो. दहा मीटर पाण्याची उंची म्हणजे सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब. त्या मानाने अर्धा मीटर किरकोळ वाटेल. परंतु जिथे सगळा खेळच दीड मीटरचा आहे तिथे अर्धा मीटर म्हणजे एक तृतीयांश झाला.

ठिबक संच असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. साध्या तोटीतून १० मीटर दाबाला ताशी ४ लिटर पाणी येत असेल तर ९ मीटरला सुमारे ३.८ लिटर आणि ४ मीटरला अडीच लिटर येते. इथे तोटीचे तोंड मोकळ्या हवेत आहे, म्हणजे तोंडावरचा दाब शून्य आहे, असे गृहीत असते. जमिनीखाली गाडलेल्या ठिबकमध्ये मात्र तोटीभोवतीची माती पाण्याने भरली की उलट दाब येतो. मोठ्या दाबाच्या संचात तो फारसा जाणवत नाही. ड्रमवर चालणाऱ्या दीड-दोन मीटरच्या संचात चांगलाच जाणवतो. लॅटरलच्या शेवटी आपण एंड कॅप लावतो तेव्हा ते टोक ‘बाहेर पडण्याचे तोंड’ राहत नाही, ती भिंत होते. नळी धुण्यासाठी कॅप काढली की तेच टोक शून्य दाबाचे तोंड बनते आणि त्याच ओळीतल्या तोट्या लगेच मंदावतात. नळी बदलली नाही, पंप बदलला नाही. फक्त शेवटच्या टोकावरची अट बदलली.

संगणकाला काय सांगावे लागते?

संगणक पाण्याचा अभ्यास एका मर्यादित तुकड्यापुरता करतो. नदीचा दहा किलोमीटरचा भाग घेतला तर त्याच्या वरच्या टोकाशी काय येते आणि खालच्या टोकाशी काय स्थिती आहे हे त्याला बाहेरून पुरवावे लागते. या माहितीला सीमेवरची अट म्हणतात. सर्वसाधारणपणे वरच्या टोकाशी पाण्याचा वेग किंवा विसर्ग देतात आणि खालच्या टोकाशी दाब किंवा पातळी देतात. वरच्या टोकाशी दाब किती आणि खालच्या टोकाशी वेग किती हे मग संगणक स्वतः काढतो.

दोन्ही टोकांना विसर्गच दिला तर काय बिघडते, असा प्रश्न पडेल. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे त्याच्या गणितात केवळ दोन ठिकाणच्या दाबातला फरक येतो. मूळ दाब किती हे गणिताला कळतच नाही. लेव्हल मशीनने शेताची सपाटी काढताना असेच होते. बांधाचा हा कोपरा त्या कोपऱ्यापेक्षा ४० सेंटिमीटर उंच आहे एवढे यंत्र सांगते, पण कुठेतरी एक पक्की खूण धरल्याशिवाय कोणत्याही कोपऱ्याची उंची ठरत नाही. बाहेर पडण्याच्या तोंडावर दिलेला दाब ही संगणकाची पक्की खूण आहे. शिवाय दोन्हीकडे विसर्ग दिला आणि त्यात थोडीशी जरी तफावत राहिली तरी जादा पाणी जायला जागा उरत नाही आणि गणित कोलमडते.

एका तोंडावर वेग आणि दाब दोन्ही पक्के करून टाकणे हीही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्याने पाण्याला आपणच उत्तर सांगितल्यासारखे होते. दाब सांगावा आणि वेग पाण्यावर सोडावा.

दाब देताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. एक मीटर खोल पाण्याचा प्रवाह उभ्या छेदातून बाहेर पडतो तेव्हा पृष्ठभागावर दाब शून्य असला तरी तळाशी तो एक मीटर पाण्याचा, म्हणजे सुमारे ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो. मांडणाऱ्याने गुरुत्वाकर्षण धरले आणि तोंडाच्या पूर्ण उंचीवर मात्र सरसकट शून्य दाब दिला तर संगणकाला वाटते की तळाशी भोक पडले आहे. तळाचे पाणी सुसाट बाहेर धावते आणि वरून, जिथून काहीच येत नाही तिथून, हवा किंवा पाणी आत ओढले जाते. चित्र रंगीत व आकर्षक दिसते, पण असा नाला जगात कुठे नसतो. तोंडावरचा दाब खोलीप्रमाणे वाढत जाईल असाच द्यावा.

उल्हास नदीचे दोन दरवाजे

आता आपल्या परिसराकडे येऊ. अंबरनाथच्या अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. उल्हासनगरच्या कॅम्प ४ परिसरात पडलेला पाऊस तिच्याकडे उतरतो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवले गेले आणि १९४९ साली या वसाहतीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या काळात येथील बरीचशी जमीन पाणी जिरवणारी होती. आज ती छपरे आणि सिमेंटचे रस्ते यांनी झाकलेली आहे. म्हणून पाऊस पडताच पाणी नाल्यात येते. तरीही कॅम्प ४ मधला एखादा नाला किती वेगाने रिकामा होईल हे वालधुनीच्या पातळीवर, वालधुनी किती वेगाने रिकामी होईल हे कल्याणच्या खाडीवर, आणि खाडी किती उतरेल हे समुद्राच्या भरती-ओहोटीवर अवलंबून असते. एकाचे बाहेरचे तोंड दुसऱ्याच्या पोटात उघडते.

उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असे करत येते. बारवीचे पाणी तिला मिळते, काळू आणि भातसा यांचे पाणीही कल्याणच्या परिसरात येऊन मिळते. कल्याणपासून पुढे ती खाडी होते. ठाण्याजवळ या खाडीला दोन वाटा फुटतात. मुख्य वाट पश्चिमेकडे घोडबंदरवरून वसईच्या खाडीत जाते आणि एक अरुंद वाट दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीला मिळते. मॉडेल मांडणाऱ्याच्या भाषेत या नदीला बाहेर पडण्याची दोन तोंडे आहेत.

अशा ठिकाणी वसईकडे इतके टक्के पाणी जाते आणि ठाण्याकडे इतके, असे आधीच ठरवून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाण्याची वाटणी हीच तर आपल्याला काढायची असते, आणि ती भरतीच्या प्रत्येक तासाला बदलते. दोन्ही तोंडांवर त्या त्या ठिकाणची समुद्राची पातळी द्यावी आणि वाटणी संगणकाने काढावी. यात दोन्हीकडची पातळी एकाच मूळ खुणेपासून मोजलेली असणे अत्यावश्यक आहे. भरतीच्या तक्त्यातील आकडे बंदराच्या खुणेपासून असतात, तर जमिनीच्या नकाशातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून असते. हे दोन आकडे तसेच एकत्र केले तर मीटर-दोन मीटरची चूक सहज होते, आणि सखल भातशेतीत मीटर-दोन मीटर म्हणजे सगळेच.

सरासरी पातळीचा फसवा आधार

भरती-ओहोटी दर १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. मग खालच्या टोकाला तिची सरासरी पातळी कायम धरली तर काम भागणार नाही का? काम सोपे होते खरे. पण त्यात काय हरवते ते एका कल्पित, परंतु आपल्याकडे सहज आढळणाऱ्या उदाहरणाने पाहू.

खारबांधाच्या आत १० हेक्टर सखल भातखाचरे आहेत आणि वरच्या भागासह एकूण ४० हेक्टरांचे पाणी तिथे उतरते. बांधात उघाडी आहे. तिची झडप आतले पाणी वर असेल तेव्हाच उघडते आणि बाहेरचे वर आले की मिटते. समजा, खाचरातले पाणी १.८० मीटर पातळीवर आहे. बाहेर खाडी ०.५० ते २.६० मीटर या दरम्यान वरखाली होते, म्हणजे तिची सरासरी १.५५ मीटर झाली. पाऊस ताशी २० मिलिमीटरने सतत पडतो आहे आणि जमीन भिजून तृप्त असल्याने सगळे पाणी खाली येते. उघाडीचे तोंड असे की पाव मीटर फरकाला हे येणारे सर्व पाणी बाहेर जाऊ शकते.

बाहेर कायम १.५५ मीटर धरून गणित केले तर फरक नेहमीच पाव मीटर राहतो. जेवढे आले तेवढे गेले. खाचरातली पातळी १.८० वरून हलत नाही आणि योजना पुरेशी असल्याचा शेरा मिळतो.

आता खरी भरती धरू. खाडी १.८० मीटरच्या वर गेली की झडप मिटते. आतली पातळी वाढलीच नाही असे धरले तर झडप सुमारे सव्वापाच तास बंद राहील. प्रत्यक्षात आत पाणी चढत असते. ४० हेक्टरांवरचा ताशी २० मिलिमीटर पाऊस १० हेक्टरांत साचतो, म्हणजे तिथे पाणी ताशी ८ सेंटिमीटरने वाढते. त्यामुळे झडप थोडी लवकर, साधारण साडेचार तासांनी उघडते. तोपर्यंत खाचरातले पाणी ३६ सेंटिमीटरने वर आलेले असते. आठवड्यापूर्वी लावणी केलेले रोप त्यात पूर्ण बुडते.

गंमत अशी की आतली पातळी १.८० वर धरून दिवसभरात बाहेर जाऊ शकणाऱ्या पाण्याची बेरीज केली तर ती दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखी येते, कारण ओहोटीच्या वेळी फरक मोठा असल्याने पाणी जोराने जाते. म्हणजे सरासरी धरणाऱ्याची बेरीज चुकलेली नसते. चुकतो तो भाताचा बुडण्याचा वेळ. पिकाला दिवसाची सरासरी कळत नाही. आम्ही कृषिविद्येची माणसे अभियंत्यांशी वाद घालतो तो याच मुद्द्यावर. किती पाणी गेले यापेक्षा शेंडा किती तास पाण्याखाली राहिला हे पिकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, आणि ते फक्त बदलत्या पातळीची अट दिल्यावरच कळते.

खाडीकाठच्या जुन्या माणसांना हा हिशेब वेगळ्या रूपात माहीत असतो. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ येते, हा कोळी आणि खारशेतकरी यांचा जुना आडाखा. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्यापुरता ढोबळमानाने बरोबर येतो. खाडीत आत कल्याणकडे भरती त्याहून उशिरा पोहोचते.  २६ जुलै २००५ रोजी मुंबईत दुपारची भरती पावणेचारच्या सुमाराला होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो हाच दिवस.

उलटे येणारे पाणी

बाहेर पडण्याचे तोंड म्हटले तरी तिथून पाणी नेहमी बाहेरच जाईल असे नाही. भरतीच्या वेळी खाडी नाल्यात शिरते. मॉडेलमध्ये असे उलटे पाणी दोन कारणांनी दिसते, आणि ती वेगळी ओळखावी लागतात.

पहिले कारण खरे असते, म्हणजे तिथे प्रत्यक्षातही पाणी उलटे येते. अशा वेळी केवळ दाब देऊन भागत नाही. आत येणारे पाणी कसले आहे हेही सांगावे लागते. बाहेर गेले ते पावसाचे गोडे पाणी आणि परत आले तेही गोडेच, असे संगणकाने धरून चालले तर खाजण जमिनीतील क्षाराचे गणित पूर्ण फसते. परत येणारे पाणी खाडीचे, म्हणजे खारे असते. वालधुनीसारख्या नदीत त्यात कारखान्यांचे व वस्तीचे सांडपाणीही असते. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. त्या क्षार सहन करतात, पण उघाडीची झडप नादुरुस्त असली की रोज दोन वेळा खारे पाणी आत येत राहते आणि त्यापुढे कोणत्याही जातीचे फार चालत नाही.

झडपेची अट संगणकात एकमार्गी म्हणून देतात : बाहेरचा दाब जास्त झाला की तोंड म्हणजे भिंत समजावी. कागदावर झडप कधीच गळत नाही. शेतावर तिच्यात ओंडका अडकतो, रबर फाटते, बिजागरी गंजते. म्हणून योजना तपासताना झडप चौथा हिस्सा उघडी राहिली तर काय होईल, हेही एकदा चालवून पाहण्यास सांगावे.

दुसरे कारण खोटे असते. मांडणाऱ्याने मॉडेलची हद्द चुकीच्या जागी तोडलेली असते. मोरीतून पाणी उसळून बाहेर आले की तिच्या पुढे दोन्ही बाजूंना भोवरे होतात. नेमके भोवऱ्यांतच मॉडेल संपवले तर तोंडाच्या अर्ध्या भागातून पाणी बाहेर जाते आणि अर्ध्यातून आत येते. ही हद्द पुढे सरळ नाल्यात न्यावी, जिथे प्रवाह शांत झालेला असेल. नळीच्या बाबतीत वाकणापासून व्यासाच्या निदान दहापट सरळ लांबी ठेवण्याची पद्धत आहे.

पॉलिहाऊसमधील वाऱ्याच्या गणितात हीच चूक जास्त महाग पडते. बाजूच्या पडद्याच्या किंवा छपराच्या झरोक्याच्या तोंडावरच शून्य दाब देऊन मोकळे होणारे पुष्कळ असतात. वाऱ्याच्या बाजूला दाब वाढतो आणि मागच्या बाजूला ओढ निर्माण होते, म्हणूनच तर हवा खेळते. झरोक्यावर शून्य देऊन आपण ती ओढच पुसून टाकतो. पॉलिहाऊस अख्खे मोठ्या मोकळ्या पेटीत ठेवावे आणि बाहेर पडण्याचे तोंड इमारतीच्या उंचीच्या निदान पंधरापट मागे घ्यावे, अशी या कामातली प्रचलित शिफारस आहे. सहा मीटर उंचीच्या पॉलिहाऊसला हे अंतर ९० मीटर होते.

हद्द किती लांब न्यावी?

नदी-नाल्यांसाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. पाण्याच्या खोलीला तळाच्या उताराने भागावे. दीड मीटर खोल पाणी आणि ५०० मीटरला १ मीटर उतार असेल तर उत्तर ७५० मीटर येते. तीन मीटर खोली आणि २,००० मीटरला १ मीटर उतार असेल तर ६ किलोमीटर येते. खालच्या टोकावर दिलेल्या पातळीचा प्रभाव साधारण एवढ्या अंतरापर्यंत वर जाणवतो. आपले शेत त्या अंतराच्या आत असेल तर तिथली पातळी अचूक हवी. शेत बरेच वर असेल तर थोडी चूक चालून जाते.

याला एक अपवाद आहे. तीव्र उतारावर, घाटाच्या पायथ्याशी किंवा सांडव्यावर पाणी इतके वेगाने जाते की खालची खबर वर पोहोचतच नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाहत्या पाण्यात खडा टाकावा. त्याचे तरंग प्रवाहाविरुद्ध थोडे तरी वर सरकत असतील तर खालची पातळी वरच्यांना जाणवते. सगळेच तरंग खाली वाहून जात असतील तर जाणवत नाही, आणि तिथे खालच्या टोकाला दाबाची अट देण्याची गरजही नसते. पाव मीटर खोल पाण्यात तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर असतो, एक मीटर खोल पाण्यात ३.१ मीटर.

प्रत्येक पुराला खाडीची भरती जबाबदार धरणेही बरोबर नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तो दिवस आषाढ वद्य दशमीचा, म्हणजे उधाणाचा नव्हता, आणि ते ठिकाणही खाडीपासून बरेच वर आहे. तिथे वरून आलेला लोंढा, नदीपात्राची रुंदी आणि पुलांची तोंडे यांचा विचार आधी करावा लागतो. वालधुनीच्या खालच्या भागात आणि कल्याणच्या सखल पट्ट्यात मात्र खाडीचा विचार केल्याशिवाय गणित सुरूच करू नये.

पूररेषा पाहताना काय विचारावे?

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. अशा कामासाठी एचईसी-रास ही संगणक प्रणाली आपल्याकडेही मोठ्या प्रमाणात वापरली जाते. तिच्यात खालच्या टोकासाठी निरनिराळे पर्याय असतात. माहीत असलेली पातळी देता येते, पातळी आणि विसर्ग यांचा मोजलेला तक्ता देता येतो, किंवा केवळ तळाचा उतार देऊन पाणी त्या उतारावर सुरळीत वाहते असे मानता येते. बदलत्या प्रवाहाच्या गणितात तासागणिक पातळीही देता येते. उताराचा पर्याय सर्वांत सोपा, कारण त्याला मोजमाप लागत नाही. डोंगराळ भागात तो चालतोही. परंतु खाडीजवळ तो वापरणे माझ्या मते गैर आहे. पुढे भरतीने पाणी अडले असताना ते उतारावरून सुरळीत वाहते असे मानल्यासारखे ते होते, आणि पूररेषा प्रत्यक्षापेक्षा खाली येते.

म्हणून पूररेषेचा किंवा निचऱ्याचा नकाशा समोर आल्यावर शेतकऱ्यांनी निःसंकोचपणे विचारावे : मॉडेल कोणत्या ठिकाणी संपते? तिथे कोणती पातळी दिली, आणि ती कायम धरली की भरतीप्रमाणे बदलती? काळूचा पूर त्याच वेळी आला असे धरले का? खालची पातळी अर्धा मीटर वाढवून आणि अर्धा मीटर कमी करून गणित पुन्हा चालवले का, आणि आमच्या शेताशी त्याने किती फरक पडला? शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. फरक दोन-चार सेंटिमीटरचाच पडत असेल तर चिंता नाही. तीस-चाळीस सेंटिमीटर पडत असेल तर हद्द आणखी खाली न्यायला हवी किंवा तिथे प्रत्यक्ष मोजमाप हवे. मोठा पूर बारा तासांहून जास्त टिकला तर एक तरी पूर्ण भरती त्याच्या वाट्याला येते, हेही ध्यानात ठेवून बोलावे.

संगणक नव्हते तेव्हाही ही अडचण होतीच. १९१६ पासून काम करणाऱ्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची व नद्यांची लहान आकाराची प्रत्यक्ष प्रतिरूपे बांधून अभ्यास करतात. अशा प्रतिरूपाच्या खालच्या टोकाशी पाणी वरखाली करून कृत्रिम भरती-ओहोटी आणावी लागते. संगणकातली अट हे त्याचेच आकड्यांतले रूप आहे.

या अटीसाठी लागणारे मोजमाप शेतकरीही पुरवू शकतात. नाला नदीला मिळतो त्या जागेजवळच्या मोरीच्या किंवा पुलाच्या भिंतीवर तेलरंगाने दर १० सेंटिमीटरला आडवी रेघ आखावी. दर ५० सेंटिमीटरला आकडा घालावा आणि खालच्या रेघेची उंची लेव्हल मशीनने जवळच्या पक्क्या खुणेशी एकदा जुळवून घ्यावी. मोठ्या पावसाच्या दिवशी पाण्यात न उतरता, सुरक्षित जागेवरून, दर अर्ध्या तासाला पातळी व वेळ वहीत लिहावी. त्याच ओळीत तिथी आणि पाणी पुढे जात आहे, थांबले आहे की उलटे येत आहे, एवढे नोंदवावे. २००५ किंवा २०१९ च्या पुराची खूण घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीवर अजून दिसत असेल तर रंगकाम करण्यापूर्वी तिची उंचीही याच खुणेशी जोडून घ्यावी.